कोंबड्यांची सोपवणूक

गावाच्या दफ्तरात माणसाची जमीन असते, जमिनीचा आकार असतो, त्यावरील सारा, बाकी, तगाई आणि गहाण असते. बैल मेला तर पंचनामा होतो, विहीर ढासळली तर मामलेदाराकडे अर्ज जातो, आणि शेजाऱ्याने बांध वीतभर कोरला तर त्याचे कज्जे दोन-दोन पिढ्या चालतात. परंतु घराच्या मागल्या अंगास, चुलीच्या धुराने काळवंडलेल्या भिंतीला टेकून जे खुराडे उभे असते आणि त्यात सात-आठ जीवांचा जो संसार रात्रीपुरता कोंडलेला असतो, त्याच्यासाठी कुळकर्ण्याचा बोरू सहसा झिजत नसे. कोंबडी ही वहीबाहेरची मत्ता होय. तरीही शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील माणूस आजवर कसा जगला, तो घर सोडून केव्हा गेला, कोणाच्या भरवशावर गेला आणि परतल्यावर त्या शेजाऱ्याशी त्याचे कसे जमले, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने सातबाऱ्याच्या आधी हे खुराडे पाहावे, असे माझे मत आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावर आषाढात जो पाऊस कोसळतो त्याचा बहुतेक भाग मावळातच रिता होतो, आणि पुण्याच्या पूर्वेस पोचेपर्यंत त्या मेघांजवळ गर्जनेखेरीज फारसे काही उरलेले नसते. घोड आणि भीमा यांना पूर येतो तो वरच्या डोंगरातल्या पाण्याचा. खालच्या माळावर बाजरी कशीबशी पदरात पडते, आणि जेथे काळी जमीन आहे तेथे परतीच्या पावसाच्या ओलीवर शाळू उभा राहतो. कालवे येण्यापूर्वी ज्याच्या वाट्यास मुरमाड रान आले होते त्याचे शेतीचे वर्ष कार्तिकातच संपत असे. कणसे मळून झाली, सरमाड रचून झाले, की पुढल्या मृगापर्यंत त्या रानाला माणसाची गरज नसे. माणसाच्या पोटाची गरज मात्र संपत नसे. म्हणून कोणी कामाच्या शोधात पुण्या-मुंबईकडे वळे, कोणी बागाईत गावी गुऱ्हाळावर जाई, कोणी मेंढरे घेऊन घाट उतरे, आणि ज्याला कुठेच जावयाचे नसे तोही चंपाषष्ठीला किंवा माघी पौर्णिमेला जेजुरीस जाऊन येईच. हिवाळा हा या भागात घर सोडण्याचा ऋतू आहे. बैल बरोबर नेता येतो, शेळी दोरीने चालवता येते, दागिना कमरेला बांधता येतो. अडचण काय ती कोंबडीची.

हे जाणे आजकालचे नव्हे. शिरूर तालुक्यातच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, आणि तेथे १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी प्रभृती पुरातत्त्वज्ञांनी जे उत्खनन केले त्यातून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील एका नांदत्या वसाहतीचे चित्र उभे राहिले. आधीच्या पिढ्यांची घरे चौकोनी व प्रशस्त, धान्याची साठवण मोठी, आणि नदीचे पाणी कालव्याने वळवून घेण्याचीही खटपट झालेली; परंतु इसवी सनापूर्वी १००० च्या पुढे, जोर्वे संस्कृतीच्या उत्तर काळात, पावसाने पाठ फिरविली तशी ती घरे जाऊन त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली आणि शेळ्या-मेंढ्यांवरचा भार वाढला. ढवळीकरांनी यावरून असे अनुमान काढले की हे लोक अर्धभटके झाले होते. म्हणजे रान सुकले की उठावे आणि जनावरांमागे जावे ही या नदीकाठची वहिवाट निदान तीन हजार वर्षांची आहे. मालोजी-शहाजी, पेशवे आणि कंपनी सरकार ही त्यामानाने कालची मंडळी.

कोंबडीच्या प्रतिष्ठेविषयी दोन शब्द येथेच सांगितले पाहिजेत, कारण ती प्रतिष्ठा नसल्यामुळेच तिचा इतिहास असा घडला. मनुस्मृतीने द्विजांना ग्रामकुक्कुट वर्ज्य ठरविला. उकिरडा उकरणारा जो पक्षी, त्याची सावली सोवळ्यातल्या अंगणात पडू नये, हा नियम ब्राह्मण आळीत आणि गुजर-मारवाड्यांच्या पेठेत कटाक्षाने पाळला गेला. आणि कोंबडी राहिली ती कुणब्यांच्या, रामोशांच्या, महार-मांगांच्या आणि मुसलमानांच्या परसात. त्या परसातही ती घरधन्याची नव्हती. बैल त्याचा, रान त्याचे, कर्जही त्याचेच; कोंबडी मात्र बाईची. अंडी विकून आलेल्या पैशाचा हिशेब नवऱ्याने विचारू नये असा अलिखित संकेत असे, आणि त्या पैशातून मीठ-मिरची, बांगड्या, माहेरी जाण्याचे भाडे आणि मुलाची पाटी-पेन्सिल निघत असे. ज्याला आज लोक बचतगट म्हणतात त्याचे भांडवल पूर्वी पिसांच्या रूपाने परसात हिंडत होते.

शिरूरला, ज्याला जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात, या पक्ष्याला पहिल्यांदा मोठे गिऱ्हाईक मिळाले ते इंग्रजांच्या छावणीमुळे. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाला, पेशव्यांच्या पदरी कंपनीची तैनाती फौज आली, आणि पुणे-नगर मार्गावर नदीच्या उताराशी तिचा तळ पडला. पुढे पूना हॉर्सचे घोडेस्वारही बराच काळ येथे होते. साहेबाला सकाळी अंडे लागते आणि रात्री मुर्गी लागते, हे ज्ञान घोडनदीच्या आसपासच्या बायकांना कोणत्याही शाळेवाचून झाले असणार. डाकबंगल्यांची तर हिंदुस्थानभर अशी ख्याती होती की पाहुण्याचे वाहन फाटकाशी दिसले की खानसामा सुरी घेऊन कोंबडीमागे धावू लागे, आणि पाहुण्याचे बूट उतरण्याच्या आत तिचे कालवण चुलीवर चढे. या छावणीतला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला, तेव्हा आसपासच्या खेड्यांतील लोकांनी त्याला सत्पुरुष मानून त्याच्या थडग्यापुढे सुगीचे पहिले धान्य ठेवण्याची प्रथा पाडली. ज्या छावणीने आपल्या कोंबड्या खाल्ल्या तिच्यातल्याच एकाला नैवेद्य दाखविणारे हे लोक मनाने मोठे म्हणावेत की निव्वळ सावध, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.

याच छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी पुण्याच्या रोखाने निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमेच्या काठी कोरेगावात लढली. त्या लढाईविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व जात आहे. मला त्यातले एवढेच सांगावयाचे आहे की पौषाच्या आगेमागे, ऐन थंडीत, घरातला पुरुष एका रात्रीत उठून जातो आणि मागे बाई, म्हातारी व परस उरते, ही गोष्ट शिरूरला शिपायांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी अनुभवली आहे.

सावकारीच्या काळात कोंबडीच्या क्षुद्रपणाचा एक उपकारही झाला. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने दीडशे रुपयांच्या आसपासच्या कर्जापायी एका देशमुखाच्या घरादारावर कोर्टाचा हुकूमनामा आणला, आणि त्यावरून गावाने सावकारांवर जो बहिष्कार घातला त्याची ठिणगी पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे वणव्यासारखी भडकली. वह्या, खते आणि दस्तऐवज जळाले, चौकशीसाठी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. या सगळ्या कागदपत्रांत रान, घर, बैल, पीक आणि भांडी यांचा ऊहापोह आहे. कोंबडीला जो सावकार हात लावणे विटाळ समजे, त्याच्या कर्जखतात ती तारण म्हणून येण्याचा संभव फारच थोडा. आणि माझा असा समज आहे की कित्येक घरांत जप्तीनंतरची पहिली चूल जी पेटली ती खुराड्याच्या जिवावर. म्हणून तर घर सोडताना बाई घराच्या कुलपापेक्षा कोंबड्यांची काळजी अधिक करीत असे. कुलपाच्या आत बहुधा काहीच नसे.

आता त्या सोपवणुकीच्या रीतीकडे वळू. माझ्या आजोळी, घोडकाठच्या एका गावात, ती मी लहानपणी पाहिली. निघण्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागण होऊन गेल्यावर, कोंबड्या खुराड्यात निमूट बसल्या की बाई त्यांना एकेक करून पंखांखाली धरून डालग्यात घाली आणि ते डालगे डोक्यावर घेऊन शेजारच्या परसात उतरवी. अंधारात कोंबडीला फारसे दिसत नाही, म्हणून ती ओरडत नाही आणि पळतही नाही. हे काम दिवसा करू गेलेल्याची सगळी गल्ली करमणूक बघत असे. तेथे त्या दोन दिवस डालग्याखालीच कोंडलेल्या राहत, म्हणजे नवी जागा त्यांच्या अंगवळणी पडे आणि तिसऱ्या दिवशी सोडल्या तरी सांजेला त्या तिथेच परतत. ओळख पटावी म्हणून पायाला रंगीत चिंधी बांधलेली असे. एका घरची तांबडी, दुसऱ्या घरची हिरवी.

"काकी, पाडव्यापतुर हाईस न्हवं तू हितं? मग एवढं माझं डालगं बघ."

"तू जा बिनघोर. पर ती तांबडी खुडूक झाली तर बसवू का नगं, त्ये सांगून जा."

या दोन वाक्यांत संपूर्ण करारनामा आलेला असे. त्याला स्टँप लागत नसे आणि साक्षीदारही लागत नसे. कोंबडी बसवू की नको या प्रश्नात मोठा अर्थ होता. राखणदारीच्या काळात घातलेली अंडी राखणारणीची, यात वाद नाही. परंतु खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली, एकवीस दिवसांनी पिले निघाली आणि ती जगली, तर पिले अर्धेलीने, म्हणजे निम्मी मालकिणीची व निम्मी राखणारणीची. शेळ्यांच्या आणि वासरांच्या बाबतीत जो अर्धेलीचा व्यवहार मराठी मुलखात सर्वत्र आहे त्याचेच हे धाकटे रूप. पिले विषम निघाली तर शेवटचे पिलू कोणाचे यावर माझ्या समक्ष एकदा संध्याकाळपासून जेवणवेळेपर्यंत वाटाघाटी चालल्या होत्या आणि अखेर ते म्हसोबाच्या नावाने सोडण्यात आले. देवाच्या नावाने सोडलेल्या कोंबड्याची जोखीम निराळीच. तो विकता येत नाही, कापता येत नाही, आणि हरवला तर देवाची समजूत कोणी घालावयाची हा प्रश्न येतो; म्हणून नवसाचे कोंबडे सांभाळावयास कोणी सहसा राजी नसे.

या रीतीतली खरी गंमत हिवाळ्याची आहे. कोंबडीचे अंडे घालणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. मार्गशीर्ष-पौषात आपल्याकडे दिवस अकरा तासांवर येतो, त्याच्या आधी पिसे झडून नवी येण्यात तिची शक्ती खर्च झालेली असते, आणि गावठी कोंबडी, जी एरवीही वर्षाकाठी पन्नास-साठ अंड्यांच्या पुढे क्वचित जाते, ती या दिवसांत हात आखडता घेते. म्हणजे ज्या ऋतूत लोक घर सोडतात त्याच ऋतूत राखणारणीची मजुरी आटलेली. ही तूट दोन प्रकारे भरून निघे. एक म्हणजे मालकीण जाताना कोंबड्यांसाठी म्हणून पायलीभर बाजरी व थोडी कणी मागे ठेवी, आणि त्यातली किती कोंबड्यांच्या चोचीत गेली याची विचारपूस करीत नसे. दुसरे असे की थंडीतली अंडी टिकतात. वैशाखात जी चार दिवसांत नासतात ती माघात पंधरवडा चांगली राहतात, त्यामुळे थोडी थोडी जमवून दहा-बारा झाली की कोंबडीखाली ठेवता येतात आणि त्यातली वाया जाणारी थोडी. अंड्यांत गेलेले पिलांत परत येई. हा हिशेब कोण्या अर्थशास्त्रज्ञाने बसविलेला नाही. तो बसत बसत बसलेला आहे.

थंडी येथे काही हिमालयातली नसते. तरी १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे, आणि उघड्या माळावरच्या वस्तीला शहराची ऊबही नसते. एकेचाळीस अंशांच्या आसपास ज्याच्या रक्ताची उष्णता असते असा हा पक्षी पिसे फुलवून, एक पाय पोटाशी घेऊन, शेजारणीला चिकटून कोरड्या थंडीत रात्र सहज काढतो. त्याला मारते ती ओल, आणि खालून शिरणारा वारा. नवशिका राखणारा येथेच चुकतो. तो खुराडे चारी बाजूंनी गोणपाटाने घट्ट गुंडाळतो, आणि आत विष्ठेची वाफ कोंडून सकाळी कोंबड्या शिंकत बाहेर येतात. माझी आजी तीन बाजूंना गोणपाट लावी, पूर्वेची बाजू सकाळच्या उन्हासाठी मोकळी ठेवी, आणि वरच्या अंगास वीतभर फट राखी. तळाशी चुलीतली राख व कोरडी वाळू पसरी आणि ती आठ दिवसांनी बदली. सांजेच्या दाण्यात बाजरी अवश्य असे, कारण बाजरी उष्ण. पिलांची गोष्ट मात्र वेगळी: पहिला आठवडा त्यांना आईच्या पोटाखालची ऊब अखंड लागते, आणि ती आई दुसऱ्या कोंबडीशी भांडून उठली तर तासाभरात पिले गारठून लोळतात. म्हणून पिलांची कोंबडी निराळ्या डालग्यात, आणि ते डालगे घरात, चुलीच्या उबेला.

राखणारणीचे काम दोनच क्षणांचे: सकाळी दार उघडणे आणि सांजेला लावणे. परंतु या दिवसांत सूर्य सहाच्या आतबाहेर मावळतो, आणि गव्हा-शाळूला पाणी धरलेल्या बाईला त्या वेळी रानातून परत येणे होत नाही. उघड्या राहिलेल्या खुराड्यात मुंगूस शिरले तर ते एकीवर थांबत नाही. अशा वेळी शेजारचा माळकरी म्हाताराही उपयोगी पडे; तो अंड्याला शिवत नसे, कोंबडीचे नाव काढताना तोंड वाकडे करी, पण हरिपाठाला बसण्याआधी काठीने खुराड्याचे दार लोटून अडसर घालण्यात त्याच्या तुळशीच्या माळेला बाध येत नसे. नुकसान झालेच तर भरपाई नाही, मात्र पिसे दाखवावी लागत. मुंगसाने किंवा बोक्याने नेलेल्या कोंबडीची पिसे परसात सापडतात. माणसाने नेलेलीची सापडत नाहीत. जुन्या गावगाड्यात चोरीचा माग काढून तो दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत पोचविणे ही जागल्याची जबाबदारी असे. एका कोंबडीसाठी जागल्याला कोणी उठवीत नसे, म्हणून गावाने पिसांनाच साक्षीला उभे केले.

भीमेपलीकडे दौंडला मात्र घर सोडण्याला ऋतू नव्हता, वेळापत्रक होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पुण्याहून सोलापूरकडे जाणारा मार्ग येथून गेला, आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग खुला होऊन या खेड्याचे जंक्शन झाले. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड ही सगळी रात्री-अपरात्री उठून जाणारी माणसे. कॉलबॉय दारावर थाप मारी आणि घरचा पुरुष डबा घेऊन धुक्यात नाहीसा होई, तो दुसऱ्या दिवशी मनमाडच्या नाही तर सोलापूरच्या रनिंग रूममध्ये झोपून परते. रेल्वेच्या चाळींमागे कौलारू आडोशाखाली कोंबड्या होत्या. तेथे मराठी घर होते, गोव्याचे होते, अँग्लो-इंडियन होते, आणि कोंबडी या एका बाबतीत कोणाचे कोणाशी सोवळे नव्हते. येथील सोपवणूक महिन्यांची नसे, पाळ्यांची असे: तुमची ड्यूटी असेल तेव्हा आम्ही, आमची असेल तेव्हा तुम्ही, अंड्यांची फिटंफाट परस्पर. नाताळ जवळ आला की मात्र या व्यवहारात थोडी अस्वस्थता शिरे, कारण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शेजाऱ्याकडे ठेवलेला धष्टपुष्ट कोंबडा परत मागताना माणसाचा स्वर आपोआपच घाईचा होतो.

धनगरांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला. ते कोंबडी मागे ठेवतच नाहीत. दिवाळी झाली की घोड-भीमेच्या खोऱ्यातले आणि पलीकडच्या पारनेर भागातल्या धवळपुरीसारख्या गावांतले मेंढपाळ कोकणाकडे निघतात. त्यांच्या भीमथडी तट्टूवर (ही जात पेशवाईत घोडदळाला पुरवली गेली आणि अलीकडे स्वतंत्र जात म्हणून तिला सरकारी मान्यता मिळाली) वाघर, भांडी, धान्य, आजच जन्मलेली कोकरे आणि सगळ्यांच्या वर पाय बांधलेल्या दोन-तीन कोंबड्या असतात. घोडा चालतो त्या तालात त्या डुलतात, मुक्कामाला दोर सुटला की वाड्याभोवती चरतात, आणि अंधार पडताच ओझ्याजवळ येऊन बसतात. कोंबडा पहाटेचे घड्याळ म्हणून. ज्यांचे घरच चालते आहे त्यांच्या कोंबडीला परगाव ठाऊक नाही.

पुढे कालव्यांचे पाणी आले, ऊस आला, आणि सगळा ओघच उलटला. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिल्यापासून, ज्या हिवाळ्यात येथला माणूस बाहेर जात असे त्याच हिवाळ्यात बीड-नगरकडचे हजारो ऊसतोड कामगार मुकादमाची उचल घेऊन येथे येऊ लागले. त्यांच्या टायरगाडीच्या मागे पाट्या-भांड्यांबरोबर एखादे डालगेही टांगलेले असते, आणि उसाच्या फडाशेजारी कोप्या उभ्या राहिल्या की चार दिवसांत त्यांच्यामधून पिले पळताना दिसतात. पण सगळ्या कोंबड्या येत नाहीत. उरलेल्या तिकडे म्हातारा-म्हातारीच्या हवाली असतात, शाळेत जाणाऱ्या नातवंडांसारख्याच. आणि फडावरची बाई रात्री मोबाइलवर आधी नातवाची चौकशी करते की काळ्या कोंबडीची, हे त्या त्या दिवसावर अवलंबून आहे. उसाने आणखी एक पाहुणा आणला. बिबट्या आता उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. गेल्या काही वर्षांत शिरूर तालुक्यात त्याने माणसांचेही बळी घेतले आहेत. त्यामुळे सांजेला शेजारच्या वस्तीवर जाऊन खुराडे लावून येण्याचे जे काम पूर्वी एखादी पोरसुद्धा करीत असे, ते आता कोणी कोणाला सांगत नाही. तारेची जाळी आणि लोखंडी पिंजरा परवडतो त्याच्याच कोंबड्या उरतात.

सोपवणुकीचा सर्वात जुना शत्रू मात्र बिबट्या नव्हे, मानमोडी. मान वाकडी करून, लटपटत, हिरवी विष्ठा टाकीत दोन दिवसांत अख्खे परस रिकामे करणाऱ्या या रोगाचे नाव लोकांच्या मनात भीतिदायक होते; १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आली तेव्हा माणसांच्या त्या आजारालाही हेच नाव मिळाले. १९२६ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला आणि त्याच सुमारास जावा बेटात हा रोग शास्त्रज्ञांनी ओळखला. १९२७ मध्ये कुमाऊँतील राणीखेतला तो आढळला आणि आपल्या सरकारी कागदांत राणीखेत झाला. मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेतून चाळिशीच्या दशकात त्याची लस निघाली. खेड्यापर्यंत ती पोचण्यास बराच काळ गेला, आणि तोवर रीत अशी होती की मानमोडीने गेलेली कोंबडी दैवाची, तिची पिसेही दाखवायची नाहीत. ती पुरून टाकायची. सोपवलेल्या कोंबड्या पहिले काही दिवस आपल्या कोंबड्यांत न मिसळण्याचा जो आग्रह जुन्या बायका धरीत, त्याला त्या विटाळ म्हणत. पशुवैद्य त्याला निराळे नाव देईल, पण कृती तीच.

आता खडकीच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रातून सुधारित जातीची पिले मिळतात, १९७१ मध्ये स्थापन झालेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजसारख्या कंपन्यांनी कोंबडीचा कारखाना केला आहे, आणि नगर रस्त्याने किंवा सोलापूर रस्त्याने जाताना माळावर हजारो पक्ष्यांच्या लांबच लांब शेड दिसतात, ज्यांच्या पडद्यांची थंडीतली उघडझाप पगारी माणूस करतो. तेथे सोपवणूक नाही, नोकरी आहे. परसातली कोंबडी उरली आहे ती गावठी म्हणून मिळणाऱ्या चढ्या भावामुळे, आणि थोडीशी सवयीमुळे.

पाडवा झाला की पूर्वी माणसे परतत. बाई आल्या दिवशीच शेजारच्या परसात जाऊन आपल्या चिंध्या ओळखी, मोजी, एखादी कमी भरली तर काही न बोलता पिसांची वाट पाही, आणि रात्र पडल्यावर डालगे पुन्हा डोक्यावर घेऊन आपल्या घरी आणी. परंतु चार महिन्यांत कोंबड्यांनी घर बदललेले असे. दुसऱ्या सांजेला त्या ओळीने निघून पुन्हा काकीच्याच खुराड्याशी जाऊन उभ्या राहत. बाई त्यांना आणावयास जाई, काकी म्हणे, "बस की जरा," आणि तेथे वट्ट्यावर बसून चार महिन्यांतल्या पिलांची, अंड्यांची आणि बाजरीची वाटणी निघे. तिसऱ्या सांजेलाही त्या तिकडेच जात. चौथ्या सांजेलाही.